सॉलिड बेस कॅटॅलिस्ट : कॉस्टिकला पर्याय म्हणून कुणी खरंच वापरतं का?

तिसरी_पाळी · सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडमधल्या एका लहान युनिटमध्ये मी प्रोसेसचं काम बघतो. आमच्याकडे सुगंधी रसायनं बनतात, त्यातलं एक जस्मिनाल्डिहाइड. साबणाला, अगरबत्तीला चमेलीच्या अंगाने जाणारा जो वास येतो, त्यात बऱ्याचदा हे असतं. कृती जुनीच आहे. बेंझाल्डिहाइड आणि हेप्टॅनाल घ्यायचं, थोडं कॉस्टिक किंवा पोटॅश टाकायचं, अल्डॉल कंडेन्सेशन (बेसच्या मदतीने दोन अल्डिहाइड जोडले जाऊन पाणी सुटणं) झालं की ॲसिडने न्यूट्रल करायचं, पाण्याने धुवायचं आणि व्हॅक्यूमखाली डिस्टिल करायचं.

दुखणं आहे ते धुण्याच्या पाण्याचं. ईटीपीवाला (सांडपाणी शुद्ध करणारा) रोज टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या नावाने शंख करतो. त्यात आमच्या मालकांनी कुठल्याशा सेमिनारला सॉलिड बेसबद्दल, म्हणजे घन रूपातल्या अल्कली कॅटॅलिस्टबद्दल (उत्प्रेरकाबद्दल) ऐकलं. पावडर टाकायची, रिॲक्शन झाली की गाळायची, परत वापरायची, न्यूट्रल करायचं नाही, मीठ नाही. ऐकायला झकास!

पेपर बरेच चाळले. मॅग्नेशियम ऑक्साइड, कॅल्शियम ऑक्साइड, हायड्रोटाल्साइट, सगळीकडे नव्वद टक्क्यांच्या वर यील्ड (मिळणारा माल). म्हणून लॅब ग्रेड मॅग्नेशियम ऑक्साइडची नवी बाटली आणून फ्लास्कमध्ये टाकून बघितलं. जीसीवर (मिश्रणात काय किती आहे ते दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) बेंझाल्डिहाइड जवळजवळ होतं तसंच. जे काही थोडं झालं त्यात हेप्टॅनाल स्वतःशीच जोडून झालेलं पेंटिल-नोनेनाल जास्त, आणि त्याचा तो खवट वास.

प्रश्न दोन. हे पेपरवाले सांगतात ते खरं असतं का? आणि प्लांटमध्ये कुणी हे चालवलेलं पाहिलंय का?


गोदातीर · सोमवार, रात्री ११:४१

पेपरमधलं यील्ड आणि बिल्डरच्या ब्रोशरमधला कार्पेट एरिया सारख्याच श्रद्धेने वाचावा.

(वाचतोय. जाणकार लिहितीलच.)


दिंडोरीकर_बागाईतदार · मंगळवार, सकाळी ६:१५

मी रसायनवाला नाही, द्राक्षवाला आहे. पण बाटलीतली पावडर चालली नाही हे वाचून एक सांगावंसं वाटलं.

आम्ही द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी बोर्डो मिश्रण करतो. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. चुना ताजा खडा असला तर पाण्यात टाकल्यावर फसफसून उकळतो, हात लावता येत नाही. तोच चुना पावसाळ्यात गोणीचं तोंड उघडं राहून पडला असेल तर पाण्यात टाकला की नुसता गाळ होऊन बसतो. वजन तेवढंच, उलट जास्तच, पण दम नाही. मग बोर्डो आंबट राहतो आणि कोवळी पानं करपतात. म्हणून फवारणीआधी द्रावणात लोखंडी पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांब्याचा लाल थर आला की चुना कमी पडला, अजून टाका.

साहेब, तुमच्या पावडरीचं असंच काही झालं नसेल ना?


ऊर्ध्वपातन · मंगळवार, सकाळी १०:०५

दिंडोरीकर, नेमकी जागा दाखवलीत. निम्मं उत्तर तुम्हीच दिलंय, उरलेलं मी लिहिते. (मी इथल्याच एका महाविद्यालयात ऑरगॅनिक शिकवत होते, आता निवृत्त.)

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. हवेतलं पाणी घेऊन तो हायड्रॉक्साइड होतो, कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट. वजन वाढतं आणि बेस म्हणून ताकद जाते. मॅग्नेशियम ऑक्साइडचंही तेच होतं, फक्त ते फसफसत नाही म्हणून डोळ्याला कळत नाही.

घन बेसमध्ये काम कोण करतं, तर पृष्ठभागावरचे ऑक्सिजन. तेही सगळे नाहीत. स्फटिकाच्या आतल्या ऑक्सिजनला सहा शेजारी असतात, सपाट पृष्ठभागावरच्याला पाच, कडेवरच्याला चार, कोपऱ्यावरच्याला तीन. शेजारी जितके कमी तितका तो ऑक्सिजन प्रोटॉन ओढायला उतावीळ. गंमत अशी की कोपऱ्यावरचा हा सगळ्यात जोरकस ऑक्सिजनच हवेतला कार्बन डायऑक्साइड सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट धरून बसतो. म्हणजे बाटलीतून काढलेल्या पावडरीत नेमक्या कामाच्या जागा आधीच भरलेल्या असतात. आपण वापरतो ती उरलेली सुस्त मंडळी.

त्या जागा मोकळ्या करायच्या तर भाजायला हवं. मॅग्नेशियम ऑक्साइडला साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअस, कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा व्हॅक्यूमखाली. कॅल्शियमच्या कार्बोनेटला ९०० च्या आसपास जावं लागतं. भाजून झाल्यावर कॅटॅलिस्ट डेसिकेटरमध्येच (ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) थंड करायचा आणि तसाच फ्लास्कमध्ये टाकायचा. वॉचग्लासवर निवांत वजन करत बसलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यात आपला जुलै-ऑगस्ट. इगतपुरीकडून येणारी ओल नाशकातसुद्धा मुलांचे प्रयोग बिघडवते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. उन्हाळ्यात जमलेली रिॲक्शन पावसाळ्यात रुसते आणि मुलं स्वतःला दोष देत बसतात.

आणि फार भाजणंही बरं नाही. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो, कोपरेच उरत नाहीत. भट्टीच्या विटांसाठी १५०० अंशांच्या वर भाजलेलं मॅग्नेशिया मिळतं, ते कॅटॅलिस्ट म्हणून जवळपास दगडच. म्हणून तिसरी_पाळी, बाटलीवर शुद्धता ९८ टक्के लिहिलंय की ९९, याने आपल्याला काही कळत नाही. कशापासून केलं, किती भाजलं आणि भाजल्यावर कुठे ठेवलं, हे विचारायचं. पेपरवाले खोटं बोलत नाहीत. प्रायोगिक भागात बारीक अक्षरात 'वापरण्यापूर्वी सक्रिय केले' असं एक वाक्य असतं आणि सगळा जीव त्या वाक्यात असतो.


भट्टी_चालू · मंगळवार, दुपारी १:३०

मॅडमना अनुमोदन. मी मूळचा सिन्नरचा, सध्या पुण्यात कॅटॅलिसिसमध्ये पीएचडी करतोय, त्यामुळे हायड्रोटाल्साइटबद्दल लिहितो. जस्मिनाल्डिहाइडसाठी मी मॅग्नेशियम ऑक्साइडपेक्षा तेच घेईन. भावनगरच्या सीएसएमसीआरआय या सरकारी संशोधन संस्थेत याच रिॲक्शनवर हायड्रोटाल्साइट वापरून काम झालेलं आहे, ते शोधून वाच.

हायड्रोटाल्साइट म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचे थर, मध्ये कार्बोनेट आणि पाणी. ॲसिडिटीच्या औषधातही हे वापरतात, पीव्हीसीला स्टॅबिलायझर म्हणूनही. करायला अवघड नाही. मॅग्नेशियम नायट्रेट आणि ॲल्युमिनियम नायट्रेट ३:१ मोल प्रमाणात एका फनेलमध्ये, कॉस्टिक आणि सोडा ॲश दुसऱ्यात. पीएच १० च्या आसपास धरून दोन्ही थेंब थेंब सोडायचं, ६०-६५ अंशांवर रात्रभर मुरू द्यायचं, गाळून धूत राहायचं. ११० अंशांवर वाळवायचं, मग ४५०-५०० वर भाजायचं. थर मोडतात आणि मिश्र ऑक्साइड मिळतं.

खरी मजा पुढे आहे. या भाजलेल्या ऑक्साइडला कार्बन डायऑक्साइड काढलेलं पाणी नायट्रोजनखाली दाखवलं की थर पुन्हा उभे राहतात. फरक इतकाच की आता मध्ये कार्बोनेटऐवजी हायड्रॉक्साइड असतं. अल्डॉलसाठी हे रूप नुसत्या भाजलेल्यापेक्षा बऱ्याचदा सरस ठरतं. शिवाय अल्डॉल कंडेन्सेशनमध्ये पाणी सुटतंच. ऑक्साइडच्या तीव्र जागा त्या पाण्याने तसाही बदलणारच असतात.

आता सगळ्यात मोठा सापळा. धुणं. सोडियम पूर्ण गेलं नाही तर कॅटॅलिस्ट भन्नाट चालतो, आणि तुम्ही ज्याला हायड्रोटाल्साइटची करामत समजता ती असते अडकून राहिलेल्या सोडियमची. दुसऱ्या वापरात ते विरघळून गेलं की सगळं थंड. छापून आलेल्या निकालांतही यातले काही असावेत अशी माझी शंका आहे, पण ते असो. धुतलेल्या पाण्याचा पीएच सात आला म्हणून थांबू नका, फ्लेम फोटोमीटरवर सोडियम बघा.


दगडवेडा · मंगळवार, दुपारी ३:१२

थोडं अवांतर. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींत बेसॉल्ट फोडताना स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट निघतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे अप्रतिम नमुने आहेत. हे सगळे झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सच्छिद्र सांगाड्याची खनिजं. झिओलाइटचे सॉलिड बेस असतात असं वाचलंय. मग नाशिकचाच दगड नाशिकच्या एमआयडीसीत का वापरू नये?


ऊर्ध्वपातन · मंगळवार, सायंकाळी ५:४०

दगडवेडा, कल्पना गोड आहे, पण चालणार नाही.

झिओलाइटमध्ये बेसपणा येतो सांगाड्यातल्या ऑक्सिजनवर जमणाऱ्या ऋण भारामुळे. त्यासाठी सांगाड्यात ॲल्युमिनियम भरपूर हवं आणि आत बसलेला धातूचा आयन मोठा, इलेक्ट्रॉनची हाव नसलेला हवा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम या क्रमाने बेसपणा वाढत जातो. म्हणून कृत्रिम एक्स झिओलाइट घेतात, ज्यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण एक ते दीडच्या दरम्यान असतं, आणि त्यात सिझियम भरतात. तुमच्या स्टिल्बाइटमध्ये हे प्रमाण तीनच्या आसपास आणि आत मुख्यतः कॅल्शियम. दोन भारांचा तो आयन तापवल्यावर पाण्याचा रेणू तोडून उलट ॲसिडच्या जागा तयार करतो. शिवाय स्टिल्बाइट तापवलं की सांगाडा ढासळतो. संग्रहालयातच शोभून दिसेल ते.

सिझियम एक्सची गाजलेली रिॲक्शन म्हणजे टोल्यूइन आणि मिथेनॉलपासून स्टायरीन. ॲसिड झिओलाइटवर मिथाइल गट रिंगला जोडला जातो, बेसवर तो बाजूच्या साखळीला जोडला जातो. कागदावर इतकी देखणी रिॲक्शन क्वचित असते! पण त्याच तापमानाला मिथेनॉल फुटून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होत राहतं आणि हिशेब कोलमडतो.


हिशेबी · मंगळवार, रात्री ९:२५

मी ईटीपीच्या बाजूचा माणूस. साधा हिशेब मांडतो. ४० किलो कॉस्टिक हायड्रोक्लोरिक ॲसिडने न्यूट्रल केलं की ५८.५ किलो मीठ तयार होतं. ते कुठेच जात नाही. बायोलॉजिकल टाकीतले जंतू ते खात नाहीत, उलट जास्त झालं तर तेच मरतात. शेवटी बाष्पीभवन करून वाळवावं लागतं आणि वाफेला पैसे पडतात. म्हणून मालकांचा विचार चुकीचा नाही.

पण माझा प्रश्न सरळ आहे. हे इतकं चांगलं आहे तर सगळे का वापरत नाहीत?


ऊर्ध्वपातन · बुधवार, सकाळी ९:५०

रास्त प्रश्न. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातले कोझो तानाबे आणि जर्मनीतल्या आखेनचे हॉल्डरिश यांनी १९९९ मध्ये उद्योगात प्रत्यक्ष चालणाऱ्या घन ॲसिड-बेस प्रक्रियांचा आढावा घेतला होता. एकूण १२७ प्रक्रिया. त्यातल्या १०३ घन ॲसिडच्या, १४ ॲसिड-बेस दोन्ही गुण असलेल्यांच्या आणि निव्वळ घन बेसच्या फक्त १०. आकडे जुने आहेत, पण त्यातून कल कळतो. ॲसिडच्या बाजूला तेल शुद्धीकरणाचा अवाढव्य धंदा पाठीशी होता. बेसच्या बाजूला तसं कुणी नव्हतं, आणि हवा लागली की बिघडणारा माल सांभाळायचा कुणी, हाही प्रश्न होताच.

पण जिथे चालतो तिथे चोख चालतो. सोडियम ॲल्युमिनावर पसरून हर्मन पाइन्स यांनी १९५५ मध्ये अल्कीनचा डबल बाँड सरकवून दाखवला. त्याच जातीचा महाबेस, ॲल्युमिनावर कॉस्टिक आणि सोडियम, जपानच्या सुमितोमोने व्हिनाइल नॉर्बोर्निनचं एथिलिडीन नॉर्बोर्निन करायला उद्योगात आणला. ते ईपीडीएम रबरात जातं. गाडीच्या दाराला जी काळी रबरी पट्टी असते ना, त्या जातीचं रबर. फिनॉल आणि मिथेनॉलपासून २,६-झायलिनॉल करायला मॅग्नेशियम ऑक्साइड वापरतात, तेही मोठ्या प्रमाणावर.

या यादीकडे बघितलंत तर लक्षात येईल की नावाजलेल्या बऱ्याच प्रक्रिया बंद यंत्रणेत, अखंड प्रवाहात चालतात. एकदा भरलेला कॅटॅलिस्ट महिनोन्महिने हवा बघत नाही. आपल्याकडची बॅच पद्धत, रोज मॅनहोल उघडायचा, गोणी ओतायची, हाच घन बेसचा वैरी आहे. माझं मत विचाराल तर लहान युनिटने कॅटॅलिस्ट कोणता घ्यायचा यावर जितका वेळ घालवावा, तितकाच त्याला हवा कशी लागू द्यायची नाही यावरही घालवावा.

बेसची ताकद किती हवी हेही आधी ठरवा. ज्या हायड्रोजनला काढायचंय त्याचा पीकेए बघायचा (तो किती सहज सुटतो याचा आकडा, जितका कमी तितका सहज). मॅलोनोनायट्राइलचा ११ च्या आसपास, तिथे साधा हायड्रोटाल्साइटही पुरतो. म्हणून तर प्रत्येक एमएस्सी प्रोजेक्टमध्ये बेंझाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइलचं नोव्हेनागेल कंडेन्सेशन (अल्डॉलसारखीच एक जोडणी) असतं. ते कशानेही होतं हो! त्यावरून कॅटॅलिस्ट चांगला ठरवणं म्हणजे उतारावर गाडी पळाली म्हणून इंजिनाचं कौतुक करणं. अल्डिहाइडचा अल्फा हायड्रोजन (कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवरचा) १७ च्या घरात, किटोनचा १९-२०. अल्कीनचा चाळीसच्या वर, तिथे सोडियमवाला महाबेसच हवा. आणि तो उघड्यावर पेटतो, त्याच्या वाटेला इथे कुणी जाऊ नये.


तिसरी_पाळी · बुधवार, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं तसं मॅग्नेशियम ऑक्साइड नायट्रोजनमध्ये ५०० वर भाजलं, गरम असतानाच बंद केलं आणि टाकलं. सुरुवात जोरात झाली. अर्ध्या तासाने हालचालच नाही. जीसीवर आकडा जो थांबला तो थांबलाच. याचं काय?


ऊर्ध्वपातन · गुरुवार, सकाळी ८:३०

बेंझाल्डिहाइडची ॲसिड व्हॅल्यू (त्यात ॲसिड किती आहे त्याचं माप) काढली का?


तिसरी_पाळी · गुरुवार, दुपारी ४:१०

काढली. साडेचारच्या थोडी वर. अर्धा वापरलेल्या ड्रममधलं होतं. कॉस्टिकच्या बॅचला हाच ड्रम चालू आहे आणि तिथे कधीच अडचण आलेली नाही.


ऊर्ध्वपातन · गुरुवार, सायंकाळी ७:००

मग सापडलं. बेंझाल्डिहाइड हवेत आपोआप बेंझॉइक ॲसिड होत राहतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरे खडे दिसतात ते तेच. साडेचार ॲसिड व्हॅल्यू म्हणजे साधारण एक टक्का बेंझॉइक ॲसिड.

गणित बघा. एक किलो बेंझाल्डिहाइडमध्ये १० ग्रॅम बेंझॉइक ॲसिड, म्हणजे सुमारे ८२ मिलिमोल. त्याला कॅटॅलिस्ट ५० ग्रॅम घेतला आणि ग्रॅममागे अर्धा मिलिमोल बेसच्या जागा धरल्या, तर एकूण जागा २५ मिलिमोल. गिऱ्हाइकं तिप्पट! रिॲक्शन सुरू झाली हेच नवल. बेंझॉइक ॲसिड हळूहळू पृष्ठभागावर जाऊन बसलं आणि दुकान बंद झालं.

कॉस्टिकमध्ये हे का दिसलं नाही, तर ८२ मिलिमोल ॲसिडने फक्त ३.३ ग्रॅम कॉस्टिक खाल्लं. तुम्ही त्याच्या कितीतरी पट टाकता, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. कॉस्टिक कच्च्या मालाचे दोष पोटात घालतं, घन बेस घालत नाही. हेप्टॅनालमध्येही हेप्टॅनॉइक ॲसिड तपासा, एरंडेलापासून येणारा तो माल तितकाच नाजूक.

बेंझाल्डिहाइड सोडा बायकार्बच्या पाण्याने धुवा, वाळवा, व्हॅक्यूमखाली डिस्टिल करा आणि नायट्रोजनखाली ठेवा. हिशेबींना सांगून ठेवते, त्या धुण्यातही थोडं मीठ जाणारच.


हिशेबी · गुरुवार, रात्री ९:४५

मांडून ठेवलं. तरी कॉस्टिकच्या मानाने किरकोळ.


अंड्याची_टरफलं · गुरुवार, रात्री १०:३०

मी टीवायला आहे. आमचा प्रोजेक्ट अंड्याच्या टरफलांपासून कॅल्शियम ऑक्साइड करून वड्याच्या गाडीवरच्या वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल. सर म्हणाले घन कॅटॅलिस्ट आहे, विरघळत नाही. खरंच विरघळत नाही का? आणि आमच्याकडे साबणासारखा फेस येतोय.


भट्टी_चालू · शुक्रवार, सकाळी ११:१५

विरघळतो. थोडा, पण विरघळतो. कॅल्शियम ऑक्साइड मिथेनॉलशी आणि पुढे तयार होणाऱ्या ग्लिसरीनशी रिॲक्ट होतो आणि त्यातलं काही कॅल्शियम द्रवात उतरतं. मग काम घन करतोय की विरघळलेला, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. रिॲक्शन अर्ध्यावर असताना, तापमान उतरू न देता, गरम गरमच गाळा. गाळलेल्या द्रवाला तसंच ढवळत ठेवा. पुढे काहीच झालं नाही तर काम घनाचंच. रिॲक्शन चालू राहिली तर बेस द्रवात उतरलाय. गार करून गाळू नका, विरघळलेलं परत बाहेर पडतं आणि निकाल खोटाच चांगला येतो.

अल्युमिनावरच्या पोटॅशियम फ्लोराइडलाही हीच परीक्षा लावा. तो फार लोकप्रिय आहे, पण दोन्ही एकत्र तापवताना आत पोटॅशियम हेक्झाफ्लोरोॲल्युमिनेट आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं. बऱ्याचदा तुम्ही दगडावर बसवलेलं पोटॅशच वापरत असता.

फेसाचं कारण तेल. पुन्हा पुन्हा तळलेल्या तेलात मोकळी फॅटी ॲसिडं वाढतात, ती कॅल्शियमशी साबण करतात. आधी सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉलने ती एस्टर करून घ्या, नाहीतर ताजं तेल घ्या. उद्योगात घन कॅटॅलिस्टवर बायोडिझेल होतं. फ्रान्समध्ये झिंक आणि ॲल्युमिनियमच्या मिश्र ऑक्साइडवर २००६ पासून तसा प्लांट चालू झाला. त्यात ग्लिसरीन ९८ टक्क्यांच्या वर शुद्ध मिळतं, आणि खरा फायदा तोच. पण त्याला तापमान आणि दाब बराच जास्त लागतो, कॉलेजच्या फ्लास्कमध्ये जमणारं नाही.


दिंडोरीकर_बागाईतदार · शुक्रवार, दुपारी २:००

एक विचारू का? हवा लागू द्यायची नाही म्हणता, मग जुन्या लोकांनी हे कसं सांभाळलं? तेव्हा नायट्रोजनचे सिलिंडर कुठे होते.


ऊर्ध्वपातन · शुक्रवार, सायंकाळी ६:२०

वा, हा प्रश्न माझ्या आवडीचा.

डायॲसिटोन अल्कोहोलची जुनी कृती बघा. ॲसिटोनचे दोन रेणू बेसवर जोडून ते होतं, पण रिॲक्शन उलटीही फिरते. बेसच्या सान्निध्यात समतोल असा साधतो की ॲसिटोनच बहुतांश उरतं. जुन्या लोकांनी काय केलं, सॉक्सलेट या काचेच्या उपकरणातल्या कागदी नळीत बेरियम हायड्रॉक्साइड ठेवलं आणि खाली फ्लास्कमध्ये ॲसिटोन उकळत ठेवलं. ॲसिटोन ५६ अंशांना उकळून वर जातं, नळीत बेसला भेटतं, थोडं जोडलं जातं आणि ओघळून खाली येतं. डायॲसिटोन अल्कोहोल १६६ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून ते खालीच राहतं आणि बेसकडे परत जाऊच शकत नाही. वर जातं ते फक्त ॲसिटोन. चार-पाच दिवस हे असंच चालू ठेवलं की सत्तर टक्क्यांच्या आसपास माल मिळतो. आणि उकळत्या ॲसिटोनच्या वाफेने भरलेल्या सॉक्सलेटमध्ये हवेला शिरायला फारशी जागाच नसते.

बेस घन आहे म्हणूनच हे जमतं. त्याला एका जागी बसवून ठेवता येतं आणि माल त्याच्यापासून दूर नेता येतो. आपल्याकडे सगळे 'परत वापरता येतो' एवढंच घोकतात, या गुणाकडे कुणी बघत नाही. (बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, घरी कुणी करायला जाऊ नका.)


तिसरी_पाळी · पुढचा गुरुवार, रात्री ११:५०

उशिरा कळवतोय, पाळी बदलली होती. धुतलेलं, डिस्टिल केलेलं बेंझाल्डिहाइड आणि पाणी दाखवलेलं हायड्रोटाल्साइट घेतलं. रिॲक्शन थांबली नाही, शेवटपर्यंत गेली. बेंझाल्डिहाइड जास्त ठेवून हेप्टॅनाल हळूहळू सोडलं, त्यामुळे नोनेनालही बरंच खाली आलं. गरम गाळून बघितलं, द्रव पुढे सरकला नाही.

भट्टी_चालू, नोनेनाल अजून उतरवायला काही?

आणि हिशेबीदादा, खरा प्रश्न तुम्हाला. लॅबमध्ये व्हॅटमन पेपरवर गाळताना घाम फुटला, इतकी बारीक पावडर. प्लांटमध्ये नच फिल्टरचं (कापडावर गाळायच्या भांड्याचं) कापड पाच मिनिटांत चोंदेल. हायफ्लोचा (गाळायला मदत करणाऱ्या पावडरीचा) थर देऊन गाळावं का?


भट्टी_चालू · शुक्रवार, सकाळी १०:४०

अभिनंदन! नोनेनालसाठी थोड्या सौम्य ॲसिड जागाही असलेला कॅटॅलिस्ट बघ. ॲसिडची जागा बेंझाल्डिहाइडच्या कार्बोनिलला धरून ठेवते, बेसची जागा हेप्टॅनालचा हायड्रोजन काढते, आणि दोघं शेजारी असले की हेप्टॅनाल हेप्टॅनालकडे कमी वळतं. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं प्रमाण बदलूनही फरक पडतो. आधी ते कर, स्वस्त आहे.


हिशेबी · शुक्रवार, दुपारी १२:३०

हायफ्लो अजिबात नको. हायफ्लो कॅटॅलिस्टमध्ये मिसळला की परत वापरायचं काय, दोन्ही मिळून ड्रममध्ये भरून घातक कचऱ्यात पाठवायचं. मग मीठ वाचवून काय कमावलं?

गाळूच नका. ढवळणं बंद करा आणि रात्रभर बसू द्या. वरचा माल डिप पाइपने (वरून रिॲक्टरमध्ये सोडलेल्या पाइपने) नायट्रोजनच्या हलक्या दाबावर वर उचला आणि कार्ट्रिज फिल्टरमधून पुढे घ्या. कॅटॅलिस्ट थोड्या मालासकट खाली रिॲक्टरमध्येच राहील. पुढची बॅच त्याच्यावरच घ्या. मॅनहोल उघडायचा नाही, म्हणजे मॅडमच्या हवेचाही प्रश्न सुटला. काही बॅचनंतर जोर कमी झाला की सगळं एकदम काढून भाजायचं. फक्त भाजण्याआधी नीट धुवून वाळवा, ओल्या पावडरीत राहिलेला अल्डिहाइड भट्टीत पेटतो.


तिसरी_पाळी · शुक्रवार, दुपारी १२:५५

हे पटलं. आमचा डिप पाइप तळाला टेकतो, त्यामुळे तो सगळी पावडरच उचलेल. उद्या मेंटेनन्सला सांगून वीतभर कापून घेतो.


हिशेबी · शुक्रवार, दुपारी १:०५

कापू नका. आधी साइट ग्लासमधून पावडर कुठवर बसते ते बघा, मग माप घ्या. आणि तोंड खाली ठेवू नका, आडवं वळवून घ्या, म्हणजे उचलताना बसलेला थर ढवळला जाणार नाही.